गुलाबी बेडकाचं पोट

ऑगस्टमधल्या एका दुपारी मासेमारीचं सामान बनवणाऱ्या कंपनीचा माणूस ट्रेंट मॅब्री आमच्या डॅडींच्या दुकानात आला आणि त्यानं काउंटरवर एक खोकं उपडं केलं. आत गळाला लावायचे साठ रबरी बेडूक होते. साठच्या साठ गुलाबी.

दुकान म्हणजे धरणाच्या काठावर, बोटी पाण्यात सोडायच्या उताराला लागून असलेली एक खोली. गांडुळं, गळ, दोऱ्या, बर्फ आणि उकडलेल्या शेंगा, एवढंच तिथं मिळतं. डॅडी, म्हणजे हर्शेल प्रुइट, चाळीस वर्षं त्या काउंटरमागे बसलेत. अलाबामाच्या आमच्या कोपऱ्यात बास मासा कुठं लागतोय हे विचारायला लोक आधी त्यांच्याकडे येतात, आणि डॅडी त्यांना हमखास चुकीच्या ठिकाणी पाठवतात.

डॅडींनी एक बेडूक उचलून पालथा केला. पोटही गुलाबीच होतं.

"हा कशानं मेला म्हणे?" त्यांनी विचारलं.

ट्रेंट हसला. चांगल्या कपड्यांतला, गोड बोलणारा माणूस. त्यानं सांगितलं की हा रंग खास रोवेनासाठी काढलाय, आणि त्याचं नाव ठेवलंय मॅग्नोलिया. रोवेना म्हणजे माझी बहीण. डॅडी म्हणाले, आमच्याकडची मॅग्नोलियाची फुलं पांढरी असतात. ट्रेंटनं तेही हसण्यावारी नेलं. बायका आता मासेमारीकडे वळतायत, त्यांच्यासाठी कुणी काही करत नाही, आमची कंपनी पहिली, असं तो बराच वेळ बोलत राहिला. रोवेना दाराशी उभी राहून ऐकत होती. शाळेची बस लावून ती नुकतीच आली होती. तिनं दोन बेडूक खिशात टाकले आणि बोटीकडे गेली.

रोवेनाबद्दल सांगायला हवं. ती माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी, तेव्हा एक्केचाळीसची. रोज सकाळी आणि दुपारी शाळेची बस चालवायची, आणि उरलेला दिवस पाण्यावर. लहानपणी डॅडी बोटीत मला न्यायचे, तिला नाही. मला बोटीत बसलं की झोप यायची. ती काठावर उभी राहून आम्ही गळ कुठं टाकतो ते बघायची आणि संध्याकाळी मला विचारायची, तिथं पाणी किती खोल होतं, गवत कसलं होतं. मला काहीच आठवायचं नाही. अकराव्या वर्षी तिनं डॅडींची पत्र्याची बोट न विचारता सोडली आणि दुपारी चार मासे घेऊन परत आली. डॅडींनी तिला बोट नेल्याबद्दल झापलं. माशांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

त्या वर्षी तिनं लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या होत्या. आमच्याकडच्या स्पर्धेत जोडी लागते, आणि तिच्याबरोबर बसायला बाकी पुरुष तयार नव्हते, म्हणून मी बसायचो. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मासेमारीतलं मला तेव्हाही फारसं कळत नव्हतं. दुसरी स्पर्धा जिंकल्यावर ही कंपनी आली आणि तिनं रोवेनाला नवी बोट दिली. वीस फूट लांब, मागे मोठं इंजिन, दोन्ही अंगांना चकाकता गुलाबी पट्टा. बोट तिला हवी होती. हे आधीच सांगतो, कारण नंतर लोक म्हणायला लागले की तिला त्या बोटीची पर्वाच नव्हती. ती रविवारी चर्चहून आली की ती बोट स्वतः फडक्यानं पुसायची. गुलाबी पट्ट्याबद्दल मी एकदा चेष्टा केली तर म्हणाली, "पट्टा पाण्याच्या वर आहे, टॅल. माशाला काय करायचंय?"

बोटीच्या बदल्यात करार होता. बोटीत फक्त कंपनीचेच बेडूक ठेवायचे, आणि सप्टेंबरातल्या मोठ्या स्पर्धेनंतर मंचावर तो मॅग्नोलिया हातात धरून सांगायचं की मासे ह्याच्यावर लागले.

आता आमच्याकडे उन्हाळा संपता संपता पाण्यावर गवताची गादी पसरते. इतकी दाट की तिच्यावर बगळे चालतात. खाली गार सावलीत मोठे बास बसलेले असतात. पोकळ रबरी बेडूक त्या गादीवरून टुणटुण ओढत न्यायचा. त्याचे गळ पाठीला चिकटलेले असतात, म्हणून ते गवतात अडकत नाहीत. मासा खालून गादी फोडून वर येतो. त्या क्षणी हिसका मारला की मासा सुटून गेलाच. दोरीला वजन लागेपर्यंत थांबायचं, मग मारायचा. आणि रंग. रंगावर आमच्याकडची माणसं चर्चमधल्या मतभेदांपेक्षा जास्त भांडतात. डॅडींचं म्हणणं एकच असायचं, "मासा बेडकाची पाठ कधी बघत नाही. पाठ रंगवतात ती गिऱ्हाइकासाठी." ढगाळ हवा, विरळ गवत असेल तर पांढरं पोट. सकाळी कमळाच्या पानांत पिवळं. डोक्यावर ऊन आणि दाट गवत असेल तर काळं, कारण खालून बघणाऱ्याला उजेडासमोर काळंच ठळक दिसतं.

डॅडींनी हे मला शिकवलं होतं. रोवेना मागे उभी राहून शिकली होती.

तरी तिनं गुलाबीला आधीच नावं ठेवली नाहीत. दोन आठवडे बसची दुपारची फेरी संपली की ती शेजाऱ्याची डोंगी मागून घ्यायची, कारण कराराच्या बोटीत दुसरे बेडूक न्यायचे नाहीत असं तिनं कबूल केलं होतं. त्या डोंगीतून ती एकाच जागी आळीपाळीनं गुलाबी, पांढरा, काळा असे टाकायची आणि काय झालं ते बसच्या फेऱ्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहायची. शेवटी तिचं मत झालं की ढग असताना, विरळ गवतात, गुलाबी पांढऱ्याइतकाच चालतो. ऊन आलं आणि गवत दाट झालं की मासे खालून धक्का मारतात, तोंडात घेत नाहीत. तिनं हे ट्रेंटला फोन करून जसंच्या तसं सांगितलं. पोट काळं करून द्या, पाठ हवी तशी गुलाबी ठेवा, असंही सुचवलं. ट्रेंट म्हणाला की साचे तयार आहेत, माल दुकानांत पोचलाय, आणि खरं सांगायचं तर मासे काही दुकानात येत नाहीत.

हा विषय तिथंच राहिला असता. पण शाळेच्या स्वयंपाकघरात युलीन स्टोक्स नावाच्या बाई काम करतात. साठीच्या पुढच्या, नवरा गेल्यावर एकट्या राहणाऱ्या. बेडकाच्या पाकिटावर रोवेनाचा फोटो पाहून त्यांनी नवऱ्याची गळाची काठी बाहेर काढली आणि तीन गुलाबी बेडूक विकत घेतले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बसपाशी आल्या. मी तेव्हा बसचा आरसा बसवत होतो, म्हणून ऐकलं.

"पोरी, माझं काय चुकतंय ते सांग," युलीनबाई म्हणाल्या. "सहा दिवस झाले. शाळा सुटली की जाते, ऊन उतरेपर्यंत टाकते. मासे येतात, पाणी उडवतात आणि जातात. मला वाटतं माझा हातच हलका आहे."

रोवेना स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. तिनं विचारलं, "गवत दाट आहे का, मिस युलीन?"

"दाट म्हणजे? मी वर चालून जाईन इतकं."

"तुमचा हात चांगला आहे," रोवेना म्हणाली. "दोन दिवस थांबा. मी सांगते."

त्या रात्रीच्या जेवणाला आम्ही सगळे डॅडींकडे होतो. तळलेला मासा, मक्याचा कॉर्नब्रेड. रोवेनानं विषय काढला की मंचावर मी ते वाक्य बोलणार नाही. मला वाटलं डॅडी खूश होतील, कारण गुलाबी बेडकाला सगळ्यात जास्त शिव्या त्यांनीच घातल्या होत्या. पण त्यांनी काटा खाली ठेवला.

"बोल की," ते म्हणाले. "काय फरक पडतो? मंचावर रंग खरा कुणी सांगितलाय आजवर? मी चाळीस वर्षांत एकदा नाही सांगितला. काळ्यावर धरले की पांढरा म्हणायचं, पांढऱ्यावर धरले की काळा. सगळे हेच करतात. बोट ठेव आणि गप्प बस."

"तुम्ही तुमची जागा लपवायला खोटं बोलता, डॅडी. मला विकायला खोटं बोलायला लावतायत."

"खोटं ते खोटंच."

"नाही," रोवेना म्हणाली. "तुमच्या खोट्यानं लोक चुकीच्या जागी जातात आणि तुम्हाला शिव्या घालतात. माझ्या खोट्यानं युलीनबाई स्वतःच्या हाताला शिव्या घालतायत."

डॅडींनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले की तुझ्या बहिणीला अक्कल शिकव. मी कॉर्नब्रेड खात राहिलो.

दोन दिवसांनी, स्पर्धेच्या दिवशी पहाटे काठावर सत्तरएक बोटी होत्या. निघण्याआधी डॅडी माझ्याजवळ आले आणि हस्तांदोलनाच्या निमित्तानं त्यांनी माझ्या हातात काहीतरी दाबलं. काळा बेडूक. तिला दुपारी लागेल, एवढंच म्हणाले आणि गेले.

सकाळ ढगाळ होती. रोवेनानं बोट धरणाच्या वरच्या अंगाला, गवत नुकतं पसरू लागलेल्या भागात नेली आणि गुलाबी बांधला. पहिल्या तासात दोन मासे लागले. दोन्ही चांगले, चार-चार पौंडांचे. माझं काम जाळं धरायचं आणि तोंड बंद ठेवायचं, ते मी केलं. दुसरा मासा बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडताना ती म्हणाली, "बघ, चालतो." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. चांगल्याला चांगलं म्हणायची तिला हौस होती.

नऊच्या सुमाराला ढग फाटले. दहापर्यंत पाठ भाजायला लागली. मासे विरळ गवतातून उठून गादीखाली गेले आणि आम्ही त्यांच्या मागे गेलो. मग दोन तास मी जे पाहिलं ते पाहवत नव्हतं. बेडूक गादीवरून जायचा, खाली गवत फुगायचं, फाटायचं, पाणी भांडं फुटल्यासारखं उडायचं, आणि बेडूक तिथंच. एकदा, दोनदा, आठ वेळा. रोवेना प्रत्येक वेळी वजनाची वाट बघत थांबायची आणि वजन यायचंच नाही. नवव्या वेळी तिनं काठी खाली ठेवली आणि पाणी प्यायली.

मी खिशातून डॅडींचा काळा बेडूक काढला.

तिनं पाहिलं. "कुणी दिला?"

"कुणी का देईना. बांध."

"बोटीत दुसरा बेडूक नसेल असा शब्द दिलाय मी."

"त्यांना तू शब्द दिलास. त्यांनी तुला गुलाबी बेडूक दिला."

"तो त्यांचा प्रश्न. माझा शब्द माझा." तिनं हात पुढे केला, काळा बेडूक माझ्याकडून घेतला आणि शांतपणे पाण्यात फेकून दिला. डॅडींनी पाहिलं असतं तर पोहत आले असते. मग म्हणाली, "तुझ्याकडे तो मार्कर आहे का? इंजिनाच्या तारांवर खुणा करतोस तो."

होता. माझ्या शर्टाच्या खिशात तो कायमच असतो. तिनं बेडूक गुडघ्यावर पालथा धरला, पोट फडक्यानं कोरडं केलं आणि हनुवटीपासून मागच्या पायांपर्यंत काळंभोर केलं. दोनदा हात फिरवला. फुंकर मारून वाळवलं. वरून बघणाऱ्याला तो तसाच गुलाबी होता.

तिसऱ्या फेकीला गादी फुटली. ती थांबली. काठी वाकली. मग तिनं दोन्ही पाय रोवून असा हिसका मारला की बोट हलली. मासा खंडीभर गवतासकट वर आला. जाळ्यात घेतला तेव्हा मला कळेना की मासा किती आणि गवत किती. सहा पौंडांच्या वर होता. दोन वाजेपर्यंत आणखी दोन आले. पाच मासे झाले, स्पर्धेत तेवढेच मोजतात. पोटावरचा काळा रंग माशांच्या दातांनी जागोजागी खरवडला होता. मधे एकदा तिनं परत रंगवला होता.

काठावर परतलो तेव्हा दोनेकशे माणसं जमली होती. ट्रेलरवर फळ्या टाकून मंच केला होता आणि माइकवर कॉय लेडबेटर होता, जो आमच्याकडच्या सगळ्या स्पर्धांचं निवेदन करतो. आमचे मासे तेवीस पौंड भरले. वर फक्त एक जोडी होती, चोवीसवाली. म्हणजे दुसरा नंबर. ट्रेंट मंचाच्या खाली कॅमेरा घेऊन उभा होता. रोवेनाच्या हातात बेडूक होता, गुलाबी पाठ वर. ट्रेंटनं अंगठा दाखवला आणि बेडूक आणखी वर धर अशी खूण केली.

कॉयनं नेहमीचा प्रश्न विचारला, कशावर धरले. लोक हसले, कारण ह्या प्रश्नाचं उत्तर कुणी खरं देत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी मागे उभा होतो. मला तिची मान दिसत होती, उन्हानं लाल झालेली. तिनं बेडूक वर धरला, अगदी ट्रेंटला हवा होता तेवढा वर. आणि पालथा केला.

"सकाळी ढग होते," रोवेना म्हणाली. "तेव्हा ह्याचं पोट गुलाबी होतं. दोन मासे त्याच्यावर लागले, हे खरं आहे. ऊन आल्यावर दाट गवतात दोन तास एकही लागला नाही. मग मी माझ्या भावाच्या मार्करनं पोट काळं केलं. बाकीचे तीन त्याच्यावर. माझं नाव बघून ज्यांनी हा बेडूक घेतलाय, त्यांचा हात चांगला आहे. घरी जाऊन पोट रंगवा. मार्कर कुठलाही चालतो."

गर्दीतल्या अर्ध्या माणसांची तोंडं वाकडी झाली होती, कारण तिनं कंपनीचंच नव्हे, त्यांचंही गुपित चव्हाट्यावर मांडलं होतं. मागून कुणीतरी ओरडलं की कुठल्या जागी ते पण सांग आता. "ते नाही सांगणार," रोवेना म्हणाली, आणि तेव्हा मात्र लोक मोकळेपणानं हसले.

मंचामागे ट्रेंट आला. तो चिडला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. त्यानं विचारलं, "मिस रोवेना, एक वाक्य होतं. त्या एका वाक्यापायी तुम्ही हे सगळं घालवलंत. मिळवलंत काय?"

"मी बोटीत दुसरा बेडूक ठेवला नाही. ठेवला का, टॅल?"

मी नाही म्हणालो. तो धरणात कुठंतरी तरंगत होता.

"जे कबूल केलं त्यातलं जे करण्यासारखं होतं ते मी केलं," ती म्हणाली. "दुसरं केलं नाही. ते तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलं होतं, सही पण केली होती. चूक माझी. बोट घेऊन जा." तिनं किल्ल्या काढून त्याच्या हातात दिल्या. त्यानं सांगितलं की इतकी घाई नाही, आधी कागद होतील, वकील बोलतील. ती म्हणाली, कागद तुमचे तुम्ही करा, बोट धुऊन ठेवते. सोमवारी सकाळची फेरी संपल्यावर तिनं ती खरोखरच धुतली, सगळा गुलाबी पट्टा साबणानं घासून, आणि ट्रेलर माझ्या ट्रकला लावून त्यांच्या गोदामापर्यंत पोचवून आली. येताना रडली. मला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड केलं होतं, पण ट्रक मी चालवत होतो आणि तिच्या बाजूच्या आरशात मला ती दिसत होती.

डॅडी तिच्याशी दीड महिना बोलले नाहीत. दुसऱ्या नंबरच्या बोटीतून खाली उतरून पायी चालणारी मुलगी त्यांना समजत नव्हती. त्यातून लोक दुकानात काळे मार्कर मागायला येऊ लागले. पहिले काही दिवस त्यांनी हे मासेमारीचं दुकान आहे, शाळेचं नाही असं सांगून परत पाठवलं. मग एक डबा मागवून शेंगांच्या भांड्याशेजारी ठेवला. युलीनबाईंना ऑक्टोबरात पाच पौंडांचा मासा लागला. त्या तो बर्फाच्या पेटीत घालून बसच्या थांब्यावर घेऊन आल्या आणि झाकण उघडून तशाच उभ्या राहिल्या. मागे गाड्यांची रांग लागली, तरी रोवेनानं बस हलवली नाही.

मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला. आदल्या संध्याकाळी रोवेना दुकानात गेली आणि डॅडींना म्हणाली की तुमची पत्र्याची बोट घेऊन जातेय. ह्या वेळी सांगून. डॅडी गांडुळं मोजत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं की डाव्या बाजूला पत्र्याच्या जोडाचा तिसरा रिव्हेट गळतो.

सकाळी वारा सुटला होता. काठावरच्या सगळ्या बोटी वीस-एकवीस फुटी, आमची चौदा, आणि मागे माझ्याच कारखान्यातलं जुनं इंजिन. आमच्या बोटीत मार्चच्या उघड्या पाण्यासाठी लागणारी सगळी आमिषं एका बादलीत होती. बोटी सोडणारा कॉय धक्क्यावरून वाकला आणि म्हणाला की मधल्या पाण्यात लाटा दोन फुटी आहेत, तुम्ही काठानंच राहा, कुणी काही म्हणणार नाही.

"आमचा नंबर कितवा?" रोवेनानं विचारलं.

"बासष्ट."

"मग बासष्ट आला की हाक मार."

मी लाईफ जॅकेटचा पट्टा आवळला. ती माझ्याकडे बघत होती.

"भीती वाटत असेल तर उतर," ती म्हणाली. "पण जोडीदार नसेल तर मला बाद करतील. तेव्हा उतरू नकोस."

बासष्ट पुकारला. तिनं इंजिन चालू केलं, बोट काठाकडे वळवली नाही, सरळ मधल्या पाण्यात घातली. पहिली लाट माझ्या मांडीवर आली. बर्फासारखी गार होती. मी बोटीतला रिकामा डबा उचलला आणि पाणी उपसायला लागलो.